डावा सहा, उजवा आठ

ज्यांचे दोन्ही पाय एका मापाचे असतात, त्यांना बुटाच्या दुकानात जाणे ही साधी गोष्ट वाटते. दुकानदार खोका आणतो, झाकण काढतो, बूट पायात जातात आणि काम संपते. धाकटीचे तसे नव्हते. तिचा डावा पाय जन्मतःच उजव्याहून दोन मापांनी लहान होता. त्यामुळे लहानपणापासून तिच्यासाठी दर खेपेला दोन जोड घ्यावे लागत. त्यांतला एकेक बूट पायात जाई आणि एकेक पलंगाखाली. थोरली बहीण पलंगाखालच्या त्या बुटांना पाहुणे म्हणे. कारण ते एकदा आले की हलायचे नाव घेत नसत.

मोठी झाल्यावर धाकटीने त्या पाहुण्यांचा सूड घेतला. दूरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला गाठून तिने विचारले, डावा एका मापाचा आणि उजवा दुसऱ्या मापाचा असा जोड करून द्याल का. कारागिराने तिच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितले आणि म्हटले, न द्यायला काय झाले, कातड्याला थोडेच कळते. त्या एका वाक्यावर तिचे दुकान उभे राहिले. दुकान म्हणजे थोरलीच्या घराची मागची खोली, एक लांब मेज, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टीची रिळे आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारातले एक पान. गिऱ्हाइके डाव्याचे माप निराळे आणि उजव्याचे निराळे लिहून पाठवीत. कुणाचा पाय अपघातात आखूड झालेला, कुणाचा आजारपणात वाळलेला, आणि कुणाचा काहीएक कारण नसताना दुसऱ्यापेक्षा मोठा. बूट हातात पडले की त्यांतले बरेच जण फोन करीत, आणि आभार मानण्याऐवजी आजवर मोठ्या बुटात कापडाचे किती बोळे कोंबले त्याच्याच कथा सांगत बसत. धाकटीला त्या कथा पाठ झाल्या होत्या, तरी ती प्रत्येक कथा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकून घेई.

दुकान वाढले, मागची खोली अपुरी पडू लागली, आणि बाजाराच्या कचेरीतून गोड आवाजात फोन येऊ लागले. माल आमच्या गोदामात ठेवा, आम्ही तो चुटकीसरशी पोचवू, तुमच्या पानावर खात्रीच्या विक्रेत्याची हिरवी खूण लागेल. थोरलीला ती हिरवी खूण फार आवडली. खोक्यांतून वाट काढत स्वयंपाकघरात जायचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. धाकटीने पुष्कळ विचार केला आणि शेवटी होकार दिला. गिऱ्हाइकांकडून आगाऊ मागण्या घेतल्या आणि कारागिराला सांगितले की या खेपेचा माल घरी न पाठवता परस्पर गोदामात पाठवा.

तिथे घोडे अडले. वाहतूक कंपनी म्हणाली, ट्रक पुरता भरल्याशिवाय हलणार नाही. भरला तेव्हा ड्रायव्हर रजेवर गेला. मग ट्रक निघाला आणि एका नाक्यावर असा काही थबकला की फोनमधल्या नकाशावरचा तो निळा ठिपका बघून थोरली म्हणाली, याने तिथे घर घेतलेले दिसते, वास्तूला काहीतरी भेट पाठवावी लागेल. यथावकाश ठिपका गोदामापाशी पोचला. दोघी बहिणींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ते आगीतून निघून फुफाट्यात पडणे होते. माल आत गेला आणि पानावर तीन शब्द उमटले: तपासणी चालू आहे. सकाळी तपासणी चालू होती, संध्याकाळी चालू होती, आठवडा उलटला तरी चालूच होती. धाकटीने तक्रारीच्या खिडकीत विचारणा केली की तत्काळ उत्तर येई, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. थोरलीचे म्हणणे पडले की यांच्याकडे दिलगिरीचा एवढा साठा आहे, तर बुटांऐवजी तीच विकायला काढावी.

इथवर धाकटीने कळ सोसली. पण मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. ज्या बाजाराच्या गोदामात तिचा माल अडकला होता, त्याच बाजाराने तिला नोटीस धाडली: थकलेल्या मागण्या उद्या संध्याकाळपर्यंत रवाना न झाल्यास विक्रेत्याचे पान बंद करण्यात येईल. खाली, गिऱ्हाइकांना पाठवण्यासाठी म्हणून, एक तयार मजकूरही दिला होता. त्यात अपरिहार्य कारणे होती, क्षमायाचना होती, आणि कुणी काय केले याचा पत्ता नव्हता.

धाकटीने तो मजकूर पाठवला नाही. तिने स्वतः लिहिले, "तुमचे बूट तयार आहेत. ते गोदामात अडकले आहेत. का अडकले, ते मला कुणी सांगत नाही. उद्या मी स्वतः जाऊन बघणार आहे." सर्वांत आधी एका आजोबांचे उत्तर आले. एका पायावर शस्त्रक्रिया झालेले हे गृहस्थ रोज सकाळी न चुकता निरोप पाठवीत. त्यांनी लिहिले की मला घाई मुळीच नाही, पण बघून आलात की लगेच कळवा.

भावोजींनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, चहा पिता पिता समजावून बघितले. धंद्यात हट्ट कामाचा नाही, मोठ्यांशी वाकड्यात शिरू नये, चार शब्द गोड लिहून मुदत वाढवून घ्यावी. धाकटीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि गाडीची किल्ली मागितली.

गोदाम शहराबाहेर हमरस्त्याला लागून होते. निळ्या पत्र्याचे, एकही खिडकी नसलेले आणि इतके लांब की दुसरे टोक उन्हात धूसर दिसे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितले की विक्रेत्यांना आत सोडत नाहीत, तक्रार ऑनलाइन करावी. धाकटी म्हणाली की ती करूनच आले आहे, आणि तिथेच उभी राहिली. ती भांडली नाही, तिने आवाजही चढवला नाही. नुसती उभी राहिली. थोरलीने गाडी अशा बेताने लावली की येणाऱ्या प्रत्येक ट्रकसाठी पहारेकऱ्याला ती पुढेमागे करायला सांगावी लागे, आणि ती प्रत्येक वेळी अतिशय नम्रपणे गाडी हलवून पुन्हा तिथेच आणी. मधल्या वेळात तिने पहारेकऱ्याला सांगून टाकले, "नावाला धाकटी आहे ही. हट्टात माझी आजी शोभेल. तुम्ही आत फोन करा दादा, नाहीतर आपलं तिघांचं जेवण इथेच मागवावं लागेल."

पहारेकऱ्याने फोन केला.

बाहेर आलेला सुपरवायझर धाकटीने मनात रंगवला होता तसा निघाला नाही. तो तिच्याच वयाचा होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती आणि बोलताना त्याचे लक्ष सारखे हातातल्या यंत्राकडे जात होते. ते यंत्र दर थोड्या वेळाने त्याला किती खोकी मागे पडली ते सांगत असे. धाकटीने सांगितलेला मालाचा क्रमांक त्याने यंत्रात घातला, भुवया वर केल्या आणि म्हणाला की तुमचा माल चांगला लक्षात आहे, त्या मालाने आमचा तपासणीचा अख्खा कोपरा अडवून ठेवला आहे. मग, बहुधा उत्सुकतेपोटीच, त्याने दोघींना आत नेले.

आत जमिनीवर पिवळे पट्टे होते आणि त्यांच्या बाहेर पाऊल टाकायचे नव्हते. पुठ्ठ्याचा कोरडा वास सगळीकडे भरून होता. छतापर्यंत गेलेल्या मांडण्यांमधून माल उचलणाऱ्या गाड्या पीं पीं करत फिरत होत्या. तपासणीच्या कोपऱ्यात चष्म्याला दोरी बांधलेली एक वयस्कर बाई काम करीत होती. तिला सगळे मावशी म्हणत. सुपरवायझरने सांगितले, मावशी, तुमच्या बुटांची मालकीण आली. तशी ती बाई उठली, हात पुसले आणि धाकटीकडे अशा आनंदाने बघू लागली की जणू काही बक्षीसच मिळणार होते.

"आलीस होय, बाई. किती वाट बघितली तुझी. ये, बघ."

भिंतीशी लावलेल्या लांब फळीवर धाकटीचे बूट ओळीने मांडले होते. पुसून लख्ख केलेले, नाड्या एकमेकींत बांधलेले. धाकटी वाकून मापे बघू लागली. डावा सहा आणि उजवा सहा. डावा आठ आणि उजवा आठ. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक जोड जुळलेला होता.

मावशी सांगत होती. खोकी उघडली तर सगळा घोळ! एकही जोड धड नाही. खोक्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा चुकलेल्या. नियमाने माल तसाच परत धाडायचा. पण मावशीला वाटले, कुणा बिचारीचे पैसे बुडतील, कारागिराच्या पोटावर पाय येईल. म्हणून तिने दुसऱ्या कामातून वेळ काढून, जेवणाची सुट्टी मोडून, एकेक बूट जुळवत आणला होता. जवळजवळ संपलेच होते. फक्त हे एवढे राहिले, असे म्हणून तिने वेगळ्या फळीकडे बोट केले. तिथे काही बूट एकेकटे उभे होते. त्यांचे जोडीदार तिने सगळ्या गोदामात हुडकले होते, दुसऱ्या लोकांची खोकी उघडून बघितली होती. ते सापडेपर्यंत माल पुरा झाला असे लिहिता येत नव्हते. तपासणी चालू होती ती यासाठी.

थोरलीने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय, ते धाकटीला समजले नाही. तिला स्वतःला संतापाने रडू यायच्या बेतात होते, आणि संताप काढायला समोर कुणी नव्हते. होती ती एक म्हातारी बाई, जिने या आंधळ्या, बहिऱ्या पत्र्याच्या डोंगरात कुणाचीतरी काळजी केली होती.

सुपरवायझर मात्र खूश दिसत होता. त्याने पटकन हिशेब मांडला: एकटे बूट बाजूला काढून टाकू, जुळलेले जोड आत्ता लगेच नोंदवू, संध्याकाळच्या गाडीने तुमच्याच गिऱ्हाइकांना जातील. तुमच्या थकलेल्या मागण्या त्याच्यातूनच पुऱ्या झाल्या असे दाखवता येईल. बूट पसंत नसतील तर लोक परत करतील, पण पान वाचेल.

थोरली धाकटीच्या कानाशी लागली. "ऐक ना. एवढ्या वेळेला जाऊ दे. पान राहिलं तर पुढच्या वेळी नीट करता येईल. पानच गेलं तर कुठे विकशील?"

धाकटीने ओळीकडे बघितले. इतके व्यवस्थित, इतके दिसायला देखणे बूट तिच्या दुकानात आजवर कधी नव्हते. हेच बूट लहानपणी तिच्यासमोर दुकानदार मांडीत असत.

"जुळलेले बूट जगात कुठेही मिळतात, ताई," ती म्हणाली. "ते विकायला आपली गरज काय? लोकांनी इतके दिवस वाट बघायची, आणि खोका उघडल्यावर आत पुन्हा तेच?" मग ती सुपरवायझरकडे वळली. "मला हे सगळे परत मोडायचे आहेत. इथेच. आत्ता."

मावशीचा चेहरा उतरला. तिला वाटले, हिला आपले काम आवडले नाही. एवढी मेहनत घेऊन जुळवले हो, असे ती पुटपुटली. धाकटीला बोलून समजावणे जमले असते. ती बोलण्यात कच्ची नव्हती. पण ती खाली बसली, आपले बूट काढले, मोजे काढले आणि पिवळ्या पट्ट्याच्या आत, त्या गार सिमेंटवर, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून उभी राहिली. माल उचलणारी एक गाडी थांबली. तिचा चालक बघत राहिला. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, तरी ती हलली नाही.

मावशीने चष्मा नीट बसवला आणि बराच वेळ खाली बघितले.

"म्हणजे चिठ्ठ्या चुकलेल्या नव्हत्या," शेवटी ती म्हणाली.

"नव्हत्या."

"आणि हे एकटे?"

"हरवलेला कुणीच नाही, मावशी. त्यांच्या जोडीदारांची तुम्ही भलत्याशीच लग्नं लावून दिलीत."

मावशी आधी ओशाळली आणि मग तोंडाला पदर लावून अशी हसली की चष्मा नाकावरून घसरला. तिने नाडीच्या पहिल्या गाठीला हात घातला.

तिघी जमिनीवर बसल्या. धाकटी फोनमध्ये बघून मागणी वाचून दाखवी, मावशी बूट काढून देई, थोरली खोक्यात भरून चिठ्ठी चिकटवी. डावा सहा, उजवा आठ. डावा नऊ, उजवा सात. गाठी पक्क्या होत्या. मावशीने त्या मन लावून मारल्या होत्या आणि आता स्वतःलाच शिव्या देत ती त्या सोडवत होती. हळूहळू वेगळ्या फळीवरचे एकटे बूट संपत आले. आजोबांचा जोड लागला तेव्हा धाकटीने तो क्षणभर मांडीवर ठेवला आणि मग पुढची मागणी वाचली. सुपरवायझर अधूनमधून येऊन उभा राही आणि परत जाई. एकदा मात्र तो वाकला, एक बूट हातात घेऊन तळ दाबून बघितला, शिवण बघितली आणि जपून खाली ठेवला.

खोकी भरून झाली आणि खरी अडचण पुढे आली. यंत्राला एका खोक्याचे एकच माप कळत होते. दोन मापांचा खोका त्याने प्रत्येक वेळी नाकारला. इथून माल रवाना होणार नाही हे उघड झाले. धाकटीने सांगितले की मग तो मी घरी नेते. सुपरवायझर म्हणाला, माल बाहेर काढायला परवानगी लागते.

"माल माझा आहे," धाकटी म्हणाली. "परवानगी तुम्ही माझी घ्यायची होती, जोड जुळवायच्या आधी."

सुपरवायझरने यंत्राच्या पडद्यावरची कारणे वाचून दाखवली. माल परत नेण्याचे कारण त्यांतूनच निवडावे लागे: भिजलेला, मुदत संपलेला, सदोष, इतर. सदोष लिहिले तर सोपे पडेल, तो सांगू लागला. थोडा दंड बसेल, चूक विक्रेत्याची धरली जाईल, थकलेल्या मागण्या आपोआप रद्द होतील आणि पान चालू राहील. इतर लिहिले तर प्रकरण वर जाईल. वरचे लोक बघेपर्यंत पान बंद, आणि ते कधी बघतील ते देवाला ठाऊक.

"लिहून टाक सदोष," थोरली हळूच म्हणाली. "एक शब्द तर आहे. आपल्याला माहीत आहे ना खरं काय ते."

धाकटीने बूट घातले नव्हते. ती अजून अनवाणीच होती. तिने आपल्या पायांकडे बघितले नाही, पण सुपरवायझरची नजर तिकडे गेली आणि त्याने ती चटकन वर उचलली.

"इतर लिहा," ती म्हणाली.

त्याने इतर लिहिले. माल नेण्यासाठी फाटकावर टेम्पो मागवला गेला. टेम्पोवाल्याने भाड्यासाठी चांगली घासाघीस केली आणि थोरलीने त्याहून चांगली केली. खोकी चढवायला मावशी फाटकापर्यंत आली. तिने धाकटीचा हात हातात घेतला. पहारेकऱ्याने फाटक उघडताना गाडी हलवायला सांगितली, तेव्हा थोरली म्हणाली की आता हलवते कायमची.

घरी पोचेपर्यंत मुदत टळून गेली होती. मागच्या खोलीत पुन्हा खोक्यांचे डोंगर उभे राहिले आणि स्वयंपाकघराची वाट पुन्हा अरुंद झाली. भावोजींनी एकदा आत डोकावून बघितले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पत्ते लिहायला बसले. फोनमध्ये बघितले तर बाजारातल्या धाकटीच्या पानावर एक राखाडी पट्टी आली होती: हा विक्रेता सध्या उपलब्ध नाही.

धाकटी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून सांगू लागली की बूट उद्या साध्या टपालाने निघतील, आणि यापुढे बाजारात आम्ही सापडलो नाही तर या नंबरवर सांगा. बहुतेकांनी पान बंद झाल्याचे काही मनावर घेतले नाही; त्यांना फक्त बूट कधी येणार तेवढे हवे होते. दोघांनी मागणी रद्द केली. एकजण बराच रागावून बोलला आणि धाकटीने ते ऐकून घेतले, कारण त्याचे खरे होते.

मग फोन वाजला आणि पलीकडून सुपरवायझर बोलू लागला. कामावरून सुटून तो घरी निघाला असावा. मागे रस्त्याचा आवाज येत होता. त्याने चाचरत सांगितले की वरून विचारणा आली आहे. त्यांना इतर हे कारण पचत नाही. तुम्ही आत्ता तोंडी हो म्हणालात तर मी ते बदलून सदोष करतो. सकाळी पान सुरू होईल, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मागची कटकट जाईल.

धाकटीने हातातला खोका मेजावर ठेवला.

"तुम्ही आज तो बूट हातात घेतला होता. शिवण बघितलीत. मी बघत होते तुमच्याकडे. सदोष होता का तो?"

पलीकडे एक ट्रक गेला.

"नव्हता," तो म्हणाला.

"मग तेच लिहा वर. बूट बरोबर आहेत. पाय असे असतात."

तो लिहितो म्हणाला नाही, नाही असेही म्हणाला नाही. फक्त, बरं मॅडम, असे म्हणून त्याने फोन ठेवला. थोरली पत्त्याची चिठ्ठी हातात धरून तशीच उभी होती.

"म्हणजे पान गेलं," ती म्हणाली.

"गेलं असेल."

"आणि आता?"

"आता काय," धाकटीने खोक्याची झाकणे दाबून धरली आणि हात पुढे केला, "टेप दे."